अर्धा की पाऊण?

ही गोष्ट खरी आहे आणि ती माझ्याच बाबतीत घडली.

मला ती सांगायची नव्हती. भीती वाटते म्हणून नाही. लाज वाटते म्हणून.

इथे बरेच जण रात्री-अपरात्रीचे अनुभव लिहितात. माझा अनुभव भर दुपारचा आहे. रविवार होता. पावणेचार वाजले होते. जागा म्हणजे आमच्या स्टुडिओतली तळघराची खोली, जिथे मी गाणी मिक्स करतो. मी टक्क जागा होतो. अंगात ताप नव्हता. काही घेतलेलंही नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

हे लिहायला मी वरच्या ऑफिसात येऊन बसलोय. रस्त्याकडचं दार उघडं ठेवून.

आधी माझ्या मामाबद्दल सांगायला हवं.

मामा साउंड इंजिनिअर होता. एकतीस वर्षं त्याच तळघरात, एकाच कन्सोलसमोर, म्हणजे आवाज मिसळायच्या मोठ्या यंत्रासमोर, बसला. गायक, वादक, स्टुडिओच्या मालकीणबाई, सगळे त्याला मामाच म्हणायचे. बाई तर त्याच्याहून वयाने मोठ्या. खरा भाचा मी एकटाच. आणि मला सगळं शिकवलं ते त्यानेच.

गाणं मिक्स करणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गाणाऱ्याचा आवाज कुठे दबतो, कुठे अंगावर येतो. तो सांभाळायला गाणं चालू असताना फेडर वर-खाली करावा लागतो. फेडर म्हणजे बोटभर सरकपट्टी. प्रत्येक आवाजाला एक. आमच्या कन्सोलवर असे अठ्ठेचाळीस होते आणि प्रत्येकाखाली एक छोटी मोटर. तुम्ही गाण्याबरोबर फेडर हाताने फिरवले की कन्सोल ते लक्षात ठेवायचा. पुढच्या वेळी गाणं लावलं की फेडर आपोआप तसेच हलायचे. याला ऑटोमेशन म्हणतात.

रिकाम्या खुर्चीसमोर ते फेडर हलताना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दोन पावलं मागे सरकलो होतो.

मामा पोट धरून हसला.

"अरे, भूत नाही ते. मीच आहे. मघाचा मी."

पुढे कॉम्प्युटर आला. त्यात हेच ऑटोमेशन म्हणजे पडद्यावरची एक रेघ. माउसने वर ओढली की आवाज वर, खाली ओढली की खाली. मी त्यात तयार झालो. मामाला ते पटलं नाही. आमची रोजची जुगलबंदी सुरू झाली.

मी म्हणायचो, "मामा, तुझा कन्सोल जुनं गाणं परत लावायला दीड तास खातो. प्रत्येक बटणाचे फोटो काढा, कागदावर आकडे लिहा, मग बसा फिरवत. माझं गाणं एका मिनिटात उघडतं. जसं ठेवलं तसं."

"उघडतं रे. पण तू रेघ डोळ्याने ओढतोस. शब्द दिसला की वर. हात शब्दाच्या आधी उठतो. गाणारी श्वास घेते ना, तेव्हाच उठतो."

"ते श्वास मी कापूनच टाकतो."

"माहितीये. म्हणून तुझ्या गाण्यातल्या बायका जिवंत वाटत नाहीत."

यावर आम्ही दोघंही हसायचो. खरं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. आज हे म्हणणं सोपं आहे.

मग कन्सोलच्या मोटरी एकेक करून अडकायला लागल्या. सुटे भाग मिळेनात. बाईंनी एक दिवस आम्हा दोघांना वर बोलावलं.

"एक काहीतरी ठरवू या," त्या म्हणाल्या. "एकच गाणं दोघांनी आपापल्या पद्धतीने मिक्स करा. कुणाचं कुठलं ते न सांगता ऐकवा. ज्याचं आवडेल त्याची पद्धत ठेवू. आणि खोलीही त्याच्याच ताब्यात."

मामा हसून म्हणाला, "चालेल की. हरलो तरी खोली घरातच राहते."

मी हसलो नाही.

माझं वय तेव्हा चाळीस होतं. अजूनही नवीन माणसाशी माझी ओळख 'हा मामांचा भाचा' अशीच करून द्यायचे. माझी गाणी आवडली की लोक मामाची पाठ थोपटायचे. हे कारण आहे, सबब नाही. दोन्हीतला फरक मला आता कळतो.

ऐकणारे तिघं होते. बाई, संगीत संयोजन करणारे एक बुजुर्ग आणि ज्यांचं गाणं होतं त्या गायिका, ताई. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन मिक्सपैकी एक किंचित मोठा वाजवला तर ऐकणाऱ्याला तोच चांगला वाटतो. मोठा आहे हे कळत नाही. नुसता 'चांगला' वाटतो. म्हणून असं ऐकवण्याआधी दोन्ही अगदी एका पातळीवर आणायचे असतात. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. मला तो मामानेच शिकवला होता.

त्या दिवशी मामा म्हणाला, "लेव्हल तू लाव. तू आहेस म्हटल्यावर मला बघायला नको."

आणि तो ताईंशी गप्पा मारायला बाहेर गेला.

मी दोन्ही एका पातळीवर आणले. अगदी नीट.

मग माझा अर्धा डेसिबलने वर केला.

बस. एवढंच. बोटाचा एक हलका धक्का.

तिघांनीही माझा निवडला.

बुजुर्ग म्हणाले, "यात जास्त जीव आहे." बाईंनी मान हलवली. ताई जरा घुटमळल्या, पण त्यांनीही तोच सांगितला.

मामा मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मान जरा वाकडी करून, एखादा सूर लागलाय की नाही हे ऐकताना करायचा तशी.

काही विचारेल असं मला वाटलं.

तो म्हणाला, "छान आहे."

मग त्याने कन्सोल बंद केला, त्यावर राखाडी कापड अंथरलं आणि चारही कोपरे नीट ओढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

बाईंनी कन्सोलचा वीजपुरवठा काढून टाकला. मागची वायरींची जुडगी कापली. कन्सोल तेवढा तिथेच राहिला. तो बाहेर काढायचा तर दाराची चौकट फोडावी लागली असती. मी त्याच्यासमोर टेबल टाकून कॉम्प्युटर मांडला.

सात महिन्यांनी मामीचा फोन आला. मामा हॉस्पिटलमध्ये होता. छातीचं दुखणं.

"तुझी आठवण काढतोय. येऊन जा."

"येतो," मी म्हटलं.

गेलो नाही. आज काम आहे, उद्या रेकॉर्डिंग आहे. असे अकरा दिवस काढले. हॉस्पिटल स्टुडिओपासून चालत वीस मिनिटांवर होतं.

नवव्या दिवशी मामीने परत फोन केला.

"अरे, तो सारखं एकच विचारतोय. म्हणतो, भाच्याला विचार, अर्धा की पाऊण? मला काही कळेना. म्हणजे काय रे?"

मला लगेच कळलं होतं.

"काय की," मी म्हटलं. "तापात बरळत असेल."

बाराव्या दिवशी सकाळी मामा गेला.

मी खांदा दिला. सगळ्यांच्या पुढे होतो. लोक माझ्याकडे बघून म्हणत होते, पोटच्या पोरासारखा सांभाळला त्याने याला.

त्यानंतर पाच आठवड्यांनी तो रविवार आला.

ताई मधले सात-आठ महिने दौऱ्यावर होत्या. त्या परत आल्या होत्या आणि त्यांना तेच गाणं नव्याने काढायचं होतं. साडेचारला येणार होत्या. मी आधीच येऊन ते उघडून बसलो. वर कुणी नव्हतं. रविवारी ऑफिस बंद असतं.

तळघरातली ती खोली फार शांत आहे. भिंतींना जाड गाद्या आहेत. बाहेरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही. बराच वेळ बसलं की स्वतःचं रक्त ऐकू येतं.

पावणेचार वाजले.

टक...

मला वाटलं, खुर्ची वाजली.

टक... सर्र...

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. मोटरवरचा फेडर जागेवरून निघतो तेव्हाचा.

मी वर पाहिलं.

कन्सोलवरचं कापड हललं.

पंख्याने हललं म्हणावं तर पंखा नाही त्या खोलीत. आणि वाऱ्याने कापड असं हलतच नाही. त्याखालून एक उंचवटा सरकत होता. डावीकडून उजवीकडे. सावकाश. बोटं फिरवावीत तसा.

मधोमध येऊन तो थांबला.

मी शेजारच्या खोलीत धावलो. कन्सोलचा वीजपुरवठा तिथे असायचा. तिथे आता नुसती मोकळी फळी होती. जमिनीवर कापलेली वायर तशीच पडली होती.

परत आलो. हिय्या करून कापड ओढलं.

सगळे फेडर खाली. सगळ्यांवर धुळीचा थर.

एक सोडून.

तेवीस नंबर पूर्ण वर होता. आमच्याकडे तेवीसवर कायम गाणाऱ्याचा आवाज असायचा. त्याच्या टोपीवर, जिथे बोट टेकतं, धूळ नव्हती.

मी हात लावला...

तो कोमट होता.

मोटर तापली की येते तशी ही ऊब नव्हती. एखाद्याचा हात नुकताच उचलला गेला असावा तशी होती.

मी तो खाली ओढला. अगदी तळापर्यंत. पाठ वळवली.

सर्र...

मी मागे पाहिलं नाही. खुर्चीवर बसलो आणि फक्त आवाज हवा म्हणून गाणं लावलं.

सुरुवातीचे सूर संपले. आता शब्द येणार होता.

त्याच्या आधी एक श्वास ऐकू आला.

लांब, जड, जरा घरघरणारा श्वास.

या गाण्यातले सगळे श्वास मी कापले होते. एकूण एक. पडद्यावर पाहिलं. त्या जागी आवाजाची रेघ सपाट होती. आवाजाचा मीटरही हलला नव्हता. तरी स्पीकरमधून तो येत होता.

दुसऱ्या कडव्याआधी पुन्हा आला.

तिसऱ्याआधी पुन्हा.

जिन्यावर पावलं वाजली. मी जवळजवळ ओरडलोच. ताई होत्या. साडेचार वाजून गेले होते.

"काय रे, चेहरा का असा?"

"काही नाही. बसा ना."

मी गाणं पुन्हा सुरुवातीला नेलं. मला वाटलं, त्यांना ऐकू येणार नाही. देवाशप्पथ सांगतो, मी मनात तेच म्हणत होतो. फक्त मलाच येऊ दे.

सूर संपले. श्वास आला.

ताईंनी मान वर केली. आणि त्या हसल्या.

"अय्या, मामा आलेत वाटतं! टॉकबॅक चालू राहिला बघ त्यांचा."



टॉकबॅक म्हणजे कन्सोलवरचा छोटा माईक. त्यातून आतल्या गाणाऱ्याशी बोलता येतं. मामा बटण दाबायचा, आधी एक मोठा श्वास घ्यायचा आणि मग म्हणायचा, "हं, घ्या." वीस-वीस वर्षं ज्या गाणाऱ्यांनी हेडफोनमधून तो श्वास ऐकलाय, त्यांना तो पाठ होता.

"कुठे बसलेत? आत का?" ताई उठून काचेपलीकडच्या गाणाऱ्यांच्या खोलीत डोकावल्या. "दिवा पण नाही लावला?"

"ताई," मी म्हटलं. "मामा गेला. पाच आठवडे झाले."

त्या वळल्या. गाणं चालूच होतं.

दुसरं कडवं जवळ आलं.

आम्ही दोघं उभ्या उभ्या ऐकत होतो. श्वास आला. तोच. जवळून.

पण त्यापुढचं "हं, घ्या" आलं नाही.

श्वास घेतला होता, बोलायचं राहिलं होतं.

ताईंनी पर्स उचलली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "त्यांचं काही राहिलं होतं का रे तुझ्याकडे?"

"नाही," मी म्हटलं.

एवढं होऊनही मी नाही म्हटलं.

ती रात्र कशीतरी काढली आणि सकाळी मामीकडे गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मामाचेच शर्ट होते. कुणाला तरी द्यायला काढलेले.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. अर्धा डेसिबल म्हणजे काय, मी काय केलं, फोनवर काय खोटं बोललो. मला वाटलं, ती हाकलून देईल. मला तेच हवं होतं.

मामीने हातातली घडी पूर्ण केली.

"म्हणजे त्याला बरोबर ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुला माहितीये, तो काय म्हणायचा? म्हणायचा, मला त्याचा मिक्स मोठा वाटला. पण तो असं करणार नाही. म्हणजे माझे कानच गेले." ती माझ्याकडे बघत नव्हती. "कामं येत होती अरे त्याला. दोन स्टुडिओंनी बोलावलं होतं. नाही म्हणाला. म्हणाला, आता कानाचा भरवसा नाही, लोकांची गाणी बिघडवायची का? पुढे पुढे तर मी काही बोलले की मला परत विचारायचा, नीट ऐकलं ना मी?"



मी समजत होतो की तो माझी चोरी पकडायला विचारतोय. अर्धा की पाऊण. त्याला फक्त त्याचे कान शाबूत आहेत का, एवढंच जाणून घ्यायचं होतं. एक शब्द पुरला असता. मी वीस मिनिटं चाललो नाही.

"मामी, मी..."

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "माझ्याकडे सांगून काय उपयोग? मी काही तुला विचारलं नव्हतं. त्याने विचारलं होतं."

मी तिथून सरळ स्टुडिओत गेलो. दुपारचे बारा वाजले होते. कापड अजून खालीच पडलं होतं. तेवीस नंबर वर होता.

मी कन्सोलसमोर त्याच्या खुर्चीत बसलो. टॉकबॅकचं बटण दाबलं. मेलेलं बटण, नुसतं आत गेलं.

"मामा," मी म्हटलं. "अर्धा. अर्धा होता. तुझे कान बरोबर होते. मी चोर आहे."

काहीही झालं नाही.

मी गाणं लावलं. पूर्ण ऐकलं. श्वास आला नाही. पुन्हा लावलं. नाही आला. मी त्या खुर्चीत किती वेळ रडलो ते सांगत नाही.

तीन आठवडे काही झालं नाही. मी बाईंनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मलाही तुझा मोठा वाटला होता. पण मोटरींना मी कंटाळले होते." त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतो.

गेल्या मंगळवारी एक तरुण संगीतकार आला. लघुपटासाठी त्याचा चार मिनिटांचा तुकडा होता. नुसती तारवाद्यं. गाणं नाही, शब्द नाही, माईकवर रेकॉर्ड केलेला एकही माणूस नाही. सगळं कॉम्प्युटरवरच बनवलेलं.

सकाळी अकराची वेळ. मी मिक्स ऐकवला.

दुसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, "एक मिनिट. इथे कोण श्वास घेतंय?"

मलाही आला होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बासरीवाल्याचा असेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. "पण यात बासरी नाहीये."

त्याने पुन्हा ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाला, "राहू द्या. छान वाटतंय. कुणीतरी आता बोलणार आहे असं वाटतं."

तो खूश होऊन गेला.

मी खाली एकटा बसून राहिलो. तेव्हापासून तो श्वास रोज येतोय. कधी सकाळी, कधी दुपारी. माझ्या प्रत्येक कामात.

मी उत्तर दिलं होतं. मोठ्याने, त्याच्या समोर बसून, खरं तेच सांगितलं होतं.

ते त्याला ऐकूच गेलं नाही, की ऐकूनही पटलं नाही... हे मला कळत नाही.

आणि नसेल पटलं तर त्याला दोष कसा देऊ? माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने एकदा स्वतःचे कान टाकून दिले होते.